फाईलवरचा लाल शेरा

‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ हा शेरा माझ्या केस पेपरवर मी पाच वर्षांची असल्यापासून होता. कुणी विचारलं की मी पाठ असल्यासारखं सांगायचे आणि समोरचा लाल पेनाने लिहून घ्यायचा. तेव्हा नेमकं काय झालं होतं, हे पस्तीस वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी पायाला सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचा जंतुसंसर्ग, झाला म्हणून अ‍ॅडमिट झाले. पेनिसिलिनच्या गटातल्या औषधाने भागलं असतं, पण शेऱ्यामुळे क्लिंडामायसिन हे दुसरं अँटिबायोटिक सुरू झालं. पायाची सूज उतरली आणि जुलाब लागले. तपासणीत सी. डिफिसिल नावाचा जंतू निघाला, अँटिबायोटिकने आतड्यातले चांगले जंतू मेले की हा माजतो. मुक्काम वाढला.

तिथल्या क्लिनिकल फार्मासिस्ट, म्हणजे पेशंटची औषधं तपासणाऱ्या तज्ज्ञ, खुर्ची ओढून जवळ बसल्या. औषध घेतल्यावर किती वेळाने त्रास झाला? गांधी उठल्या की बारीक पुरळ? ओठ सुजले, धाप लागली? कातडी सोलली, तोंडात फोड आले? उपचार करावे लागले? नंतर कधी अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच गटातलं औषध, पोटात गेलंय? मला एकाचंही उत्तर येईना. शेवटी आईला फोन लावला. ताप होता, औषधाच्या चौथ्या दिवशी पोटावर बारीक पुरळ आलं, दोन दिवसांत आपोआप गेलं. बस, एवढंच! लहान मुलांना असं पुरळ बऱ्याचदा तापाच्या विषाणूमुळेच येतं, हे मला तेव्हा कळलं.

फार्मासिस्ट बाईंनी मग ‘पेन-फास्ट’ नावाची गुणपद्धत वापरली. माझे गुण आले ०, म्हणजे खऱ्या अ‍ॅलर्जीची शक्यता १ टक्क्याहून कमी. हा शेरा असलेल्या दर १० जणांपैकी साधारण ९ जणांना तपासणीनंतर पेनिसिलिन चालतं, असं त्या म्हणाल्या. खरी अ‍ॅलर्जीसुद्धा १० वर्षांत बहुतेकांची ओसरते. मात्र ज्यांची कातडी सोलली होती त्यांना हे औषध पुन्हा देऊन बघतच नाहीत. आणि घरी स्वतःच गोळी घेऊन बघणं तर कुणीच करू नये.

बरी झाल्यावर चाचणीला गेले. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आधीच बंद करायला लावल्या होत्या. अमॉक्सिसिलिनची एक गोळी दिली आणि तासभर समोर बसवलं, अ‍ॅड्रेनालिन हे जिवावरची रिअॅक्शन आली तर द्यायचं इंजेक्शन हाताशी ठेवून. मला खूप भीती वाटत होती. मान जरा खाजली तरी छातीत धस्स व्हायचं. काही झालं नाही. पुढचे काही दिवस पुरळावर लक्ष ठेवलं, तेही आलं नाही.

खरी दमछाक पुढे झाली. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमधून शेरा गेला, पण फॅमिली डॉक्टरांच्या फाईलमध्ये, औषधाच्या दुकानात, जुन्या डिस्चार्ज कार्डांवर तो होताच. तीन महिन्यांनी दाताच्या डॉक्टरांकडे जुनं कार्ड दाखवलं आणि नव्या केस पेपरवर लाल अक्षरं पुन्हा उमटली. नुसतं खोडून भागत नाही. औषध, डोस, चाचणीची तारीख, निकाल, सगळं लिहिलेलं पत्र दिलं तेव्हा त्यांनी तो शेरा रद्द करून शेजारी सही केली. त्या पत्राचा फोटो आता कायम फोनमध्ये असतो.

आईच्या फाईलवर ‘सल्फा चालत नाही’ असं लिहिलंय. काय झालं होतं, विचारलं तर म्हणाली, “कुणास ठाऊक गं, तुझ्या आजीला माहीत होतं.” पुढच्या आठवड्यात तिला त्याच फार्मासिस्ट बाईंकडे घेऊन जाते आहे.