पंप बंद पाडणारा रूल

रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात फायर अलार्म पॅनलचं प्रोग्रामिंग करायचं काम होतं. वायरिंग आधीच्या ठेकेदाराने केलेलं, डिटेक्टर लागलेले. माझ्या वाट्याला लॅपटॉप आणि कोणत्या इनपुटवर कोणतं आउटपुट चालायचं याचा तक्ता, म्हणजे आमच्या भाषेत ‘कॉज अँड इफेक्ट’.

मे महिना, हापूसचा हंगाम ऐन भरात. मॅनेजरची एकच अट: उगाच लाइन बंद पडता कामा नये. त्याचं म्हणणं रास्त होतं. पल्परच्या, म्हणजे आंब्याचा गर काढणाऱ्या यंत्राच्या, हॉलमध्ये वाफच वाफ. ऑप्टिकल स्मोक डिटेक्टरच्या आत वाफेचे थेंब शिरले तरी धुरासारखाच प्रकाश विखुरतो, आणि तो ओरडतो. म्हणून तिथले स्मोक काढून हीट डिटेक्टर घ्यायला लावले, तेही ठरावीक तापमानाला चालणारे. तापमान झपाट्याने वाढलं की वाजणारा प्रकार रिटॉर्टचं, म्हणजे डबे वाफेवर तापवणाऱ्या भांड्याचं, झाकण उघडताच बोंबलला असता.

मग रूल लिहायला घेतले. एक डिटेक्टर लागला की पॅनलवर अलार्म आणि त्या विभागाचे हूटर. एमसीपीची, म्हणजे हाताने अलार्म द्यायच्या भिंतीवरच्या डबीची, काच फोडली की सगळीकडे हूटर, डिले शून्य. मॅनेजरला तिथेही 30 सेकंद हवे होते. दिले नाहीत. माणसाने डोळ्यांनी आग बघून काच फोडलीय, त्याच्याकडे पॅनलने कसली खातरजमा मागायची? मुख्य वीज तोडणं मात्र एकाच विभागातले दोन डिटेक्टर लागल्यावर, तेही 30 सेकंद थांबून. कंट्रोल मॉड्यूलचा रिले चालणार, त्यावरून मेन ब्रेकरची शंट ट्रिप, म्हणजे ब्रेकर पाडणारी कॉइल. मंजूर तक्त्यात तसंच होतं.

चाचणी जेवणाच्या सुट्टीत घेतली. आवारातला हायड्रंट उघडला, इलेक्ट्रिशियन मामांनी होज धरला. लाइनचं प्रेशर उतरलं, आधी जॉकी पंप, म्हणजे प्रेशर टिकवणारा छोटा पंप, मग विजेवरचा मुख्य पंप चालू झाला. पॅनलवर ‘पंप रन’ची नोंद आली. झकास. मग पॅकिंग स्टोअरमधल्या दोन डिटेक्टरवर टेस्ट स्प्रे मारला. हूटर वाजले, सेकंद उलटे मोजले गेले आणि ब्रेकर खाडकन पडला. दिवे गेले, पंखे थांबत गेले. बाहेरून मामांची हाक: “ओ साहेब, पाणी गेला!”

होज त्यांच्या हातात लुळा पडला होता, तोंडातून धार नाही, नुसती गळती. पॅनल बॅटरीवर चालू होतं, त्याच्या लॉगमध्ये सगळं ओळीने लिहिलेलं: ट्रिप आउटपुट ऑन, लगेच खाली पंप रन ऑफ. रूल बरोबर होता. तक्त्याप्रमाणे तंतोतंत चालला होता आणि आग विझवणारा पंपच त्याने बंद पाडला होता.

मी आणि मामांनी ट्रेंचची झाकणं उचलून केबल शोधली. पंपाच्या पॅनलला वीज मेन ब्रेकरच्या खालच्या फीडरवरून, म्हणजे ब्रेकरनंतर निघणाऱ्या वीजलाइनवरून, दिलेली. ती ब्रेकरच्या आधी, स्वतंत्र घ्यायची असते, म्हणजे इमारतीची वीज तोडली तरी पंप चालतो. मग वीज गेली तर चालायला ठेवलेला डिझेल पंप का उठला नाही? त्याची बॅटरी जागेवर नव्हती. आंब्याच्या गाडीला लावली होती, हंगामापुरती.

मॅनेजर म्हणाला, “सॉफ्टवेअरमध्येच टाका ना, पंप चालू असेल तर ट्रिप करायचं नाही.” ऐकायला ठीक वाटतं, एका ओळीचं काम. पण खऱ्या आगीत क्रम कोण ठरवणार? डिटेक्टर आधी लागतात, माणूस होज ओढेपर्यंत 30 सेकंद कधीच उलटून जातात. तोवर पंप चालू नसल्यामुळे ती अट लागूच होत नाही, ब्रेकर पडतो, आणि नंतर पंप उठायला वीजच नसते. केबलची चूक रूलने झाकायला मी नकार दिला. जरा वाजलं आमचं, पण शेवटी त्यालाही पटलं.

त्याच दिवशी मेन ब्रेकरचं आउटपुट तक्त्यातून काढलं. ट्रिप फक्त प्रोसेस आणि पॅकिंगच्या फीडरना ठेवली. मॉड्यूलची वायर तिकडच्या शंट ट्रिपला नेली. पंपाची केबल बदलायचं काम लेखी देऊन सही घेतली. शिवाय दोन मॉनिटर मॉड्यूल वाढवले: डिझेल पंपाचा सिलेक्टर ‘ऑटो’वरून हलला किंवा बॅटरी गेली की पॅनलचा बझर वाजणार, हूटर नाही. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा फीडर पडले आणि धार तशीच राहिली. मामा भिजले, पण खूश.

पुढच्याच आठवड्यात वॉचमनचा फोन आला. पॅनल पीप पीप करतंय, डिझेल बॅटरी फॉल्ट लिहिलंय, कसं बंद करू? मी म्हटलं, बझर राहू दे, आधी गाडी कुठे गेलीय ते बघ.