बी.फार्म.नंतर नीट द्यायची ठरवलीय

रविवार, रात्री

घरी सांगून टाकलं एकदाचं. बी.फार्म.चं शेवटचं सेमिस्टर पूर्ण करणार, पदवी पदरात पाडून घेणार, फार्मसी कौन्सिलकडे नोंदणीही करणार. पण कंपन्यांकडे अर्ज करणार नाही आणि एम.फार्म.साठीची जीपॅट परीक्षाही देणार नाही. पुढच्या मे महिन्यात नीट द्यायची आहे, एमबीबीएससाठी. आई काहीच बोलली नाही, ताटं उचलायला लागली. बाबांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "पहिल्यापासून सांग." बोलताना मला सगळं धड सांगता आलं नाही, म्हणून आता लिहून काढतेय.

मेडिकल हुकलं म्हणून मी फार्मसीला आले नव्हते. आमच्या वर्गात तसे बरेच जण आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. मी मात्र बारावीनंतर सीईटी दिली ती फार्मसीसाठीच. मामांचं मेडिकल स्टोअर आहे, दर सुट्टीत मी तिथेच असायचे. कुठली स्ट्रिप कुठल्या खणात, कुठलं इंजेक्शन फ्रिजमध्ये, काही ठरावीक औषधांच्या विक्रीची नोंद ठेवायच्या शेड्यूल एच वन रजिस्टरमध्ये काय काय लिहायचं, हे मला कॉलेजच्या आधीपासून ठाऊक होतं. औषधांचं मला वेड आहे. आज वहिनी म्हणाली, "बरं झालं, शेवटी खऱ्या लाइनीला लागलीस." ते लागलं मनाला. फार्मसी ही खरीच लाइन आहे. फार्मसीनेच मला इथवर आणलं.

चौथ्या सेमिस्टरला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरावर कसं काम करतात तो विषय, सुरू झालं तेव्हापासून काहीतरी बदलत होतं. आता प्राण्यांवर प्रयोग होत नाहीत, सगळं सॉफ्टवेअरवर. पडद्यावर सशाचा डोळा दिसतो, त्यात ॲट्रोपीनचे थेंब टाकायचे, बाहुली मोठी होते, मिलिमीटरमध्ये नोंद करायची. मी नोंद करायचे आणि मनात यायचं, हा डोळा ज्याचा आहे त्याला आता कसं दिसत असेल? मॅडमना विचारलं तर त्या छान हसल्या आणि म्हणाल्या, हा प्रश्न जपून ठेव.

मग सहाव्या सेमिस्टरनंतरचं ट्रेनिंग आलं. किमान दीडशे तास, चार आठवड्यांत. मैत्रिणी गोळ्यांच्या कारखान्यांत गेल्या, मी मिरजेतल्या एका रुग्णालयाचा औषध विभाग निवडला. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय उघडलं, आणि आजही बेळगाव, विजापूरकडची माणसं सरळ मिरजेची गाडी धरतात. औषधांच्या खिडकीशी निम्मं बोलणं कानडीत चालायचं. मला "ऊटा आद मेले", म्हणजे जेवणानंतर, एवढं आठवडाभरात यायला लागलं.

एका दुपारी अथणीकडचे एक आजोबा आले. हातात किराणा दुकानाची पिशवी, त्यात जुन्या स्ट्रिपा आणि दोन चिठ्ठ्या. एक बीपीची, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी, बरीच वर्षं चालू. दुसरी त्याच दिवशीची, गुडघ्यांसाठी, डायक्लोफेनॅक दिवसातून दोनदा. मी स्ट्रिप कापायला कात्री घेतली आणि थांबले. परीक्षेला पाठ केलेलं सगळं एकदम समोर उभं राहिलं. मूत्रपिंडाच्या गाळणीकडे रक्त आणणारी बारीक नळी डायक्लोफेनॅकमुळे आवळते. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टनमुळे सैल पडते. आणि हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे अंगातलं पाणी आणि मीठ कमी करतं. तिन्हींनी मिळून गाळणीतला दाबच पडतो. तरण्या माणसाला कदाचित काही होणार नाही, पण पंचाहत्तरीच्या माणसाला ऐन उन्हाळ्यात, पाणी कमी पडलं की किडनीला धक्का बसू शकतो.

मी औषध विभागातल्या सरांना दाखवलं. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरून वाचल्या आणि ओपीडीत फोन लावला. डॉक्टरांनी आजोबांना परत बोलावून घेतलं. थोड्या वेळाने चिठ्ठी आली, डायक्लोफेनॅक खोडलेलं, पॅरासिटामॉल लिहिलेलं, खाली क्रिएटिनीनची, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारी, रक्ततपासणी. आजोबांनी गोळ्या घेतल्या, मला हात जोडले आणि एसटी चुकायला नको म्हणून घाईने निघून गेले.

सरांनी पाठ थोपटली. फार्मासिस्टचं काम हेच, म्हणाले, आणि ते अगदी खरं आहे. त्या दिवशी मला या पेशाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. पण घरी येताना डोक्यात एकच चाललं होतं: त्यांचं क्रिएटिनीन किती आलं? पायाला सूज होती का? गुडघा नेमका कुठे दुखत होता, जिना चढताना की बसून उठताना? डॉक्टरांच्या खोलीत त्यांना काय विचारलं गेलं आणि त्यांनी काय सांगितलं? माझ्या खिडकीपर्यंत कागद आला. माणूस आत होता. मला आत जायचंय. हात लावून पाहायचंय, काय झालंय ते ठरवायचंय, आणि महिन्याने तोच माणूस परत आल्यावर आपलं ठरवणं बरोबर होतं का ते तपासायचंय.

बाबांनी विचारलं, याच क्षेत्रात राहून ते करता येणार नाही का? रास्त प्रश्न आहे, मीही त्यावर खूप विचार केलाय. फार्म.डी. आहे. आपल्याकडे २००८ पासून सुरू झालेला कोर्स, बी.फार्म. झालेल्यांना तीन वर्षांचा. त्यात वॉर्डात जाता येतं, राउंडला उभं राहता येतं, औषधांचे दुष्परिणाम शोधून डॉक्टरांना सांगता येतात. चांगला रस्ता आहे आणि आपल्या रुग्णालयांनी अशा लोकांना आहे त्याहून कितीतरी जास्त जागा द्यायला हवी. पण निदान करायची जबाबदारी त्यात येत नाही, आणि मला नेमकी तीच हवी आहे.

मामांना फोनवर सांगणं सगळ्यात अवघड गेलं. दुकानाचं लायसन्स त्यांच्या नावाच्या फार्मासिस्ट नोंदणीवर चालतं. त्यांचे गुडघे दुखतात, दिवसभर उभं राहवत नाही, आणि माझी पदवी झाली की दुकानात माझं नाव लागेल हे त्यांनी धरून ठेवलं होतं. आधी म्हणाले, "अगं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतेस बाळ." मग म्हणाले, "आणि त्या परीक्षेला पंचविशीची अट आहे ना?" मी सांगितलं, मामा, ती अट गेली, २०२२ च्या मार्चमध्ये मेडिकल कमिशनने काढून टाकली. सतरा पूर्ण हवीत, वरची मर्यादा नाही. बराच वेळ ते गप्प होते. शेवटी म्हणाले, "मी काही अजून म्हातारा झालेलो नाही. बघतो मी दुकानाचं." त्यांनी रागावून फोन ठेवला असता तर मला सोपं गेलं असतं.

आता अभ्यासाचं. १८० प्रश्न, ७२० गुण. निम्मे प्रश्न बायोलॉजीचे, उरलेले फिजिक्स आणि केमिस्ट्रीत सारखे वाटलेले. चुकलं की एक गुण वजा. शरीरक्रिया आणि सेंद्रिय रसायन ताजं आहे, पण नीटला एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांची ओळन् ओळ लागते, आमच्या जाडजूड पुस्तकांतलं जास्तीचं ज्ञान उलट आडवं येतं. वाईट एवढंच वाटलं की केमिस्ट्रीतला औषधांचा भाग, अँटासिड, वेदनाशामकं वगैरे, २०२४ च्या अभ्यासक्रमातून वगळला. तो आम्हाला झोपेत विचारला तरी आला असता.

भीती आहे ती फिजिक्सची. बारावीनंतर पुस्तक उघडलंच नव्हतं. परवा उघडलं, आणि द्रव पदार्थांच्या प्रकरणात स्टोक्सचा नियम भेटला. हा तर आमचाच! सस्पेन्शनचं, म्हणजे बाटली हलवून घ्यायचं, औषध तळाशी का बसतं ते आम्ही यावरूनच शिकलो: कणाची त्रिज्या निम्मी केली की खाली बसण्याचा वेग चौथा हिस्सा होतो, म्हणून पावडर बारीक दळायची. लॅबमध्ये मेजरिंग सिलिंडर रांगेत ठेवून दर काही मिनिटांनी गाळाची उंची मोजली होती. त्या प्रकरणातली गणितं मी एका बैठकीत सोडवली. रोटेशनल मोशन मात्र तसं कुठे भेटलेलं नाही. तिथे घाम गाळावा लागणार.

लातूरला जाऊ का, असंही मनात आलं होतं. तिथलं वातावरण अभ्यासाचं आहे, सगळं गावच त्या एका परीक्षेभोवती फिरतं. पण खोली, मेस, क्लास असा वर्षभराचा खर्च आणि पुन्हा अकरावीपासून सगळं शिकवणं मला नको आहे. सांगलीतच राहीन, फिजिक्सची शिकवणी लावेन आणि टेस्ट सिरीज घेईन.

पैशाचं बाबांशी स्पष्ट बोलले. दहावी-बारावी इथलीच आहे, त्यामुळे राज्याच्या ८५ टक्के जागांत मला भाग घेता येईल. सरकारी कॉलेज मिळालं तरच जायचं. खासगीची वर्षाची लाखांतली फी भरायला घर गहाण टाकायचं नाही, हे मीच म्हटलं. नाही मिळालं तर फार्म.डी. करेन, मनापासून करेन. बाबांनी विचारलं, साडेचार वर्षं आणि वर ती एक वर्षाची इंटर्नशिप, तोवर तुझं वय काय असेल? मी म्हटलं, डॉक्टर झाले नाही तरी वय तेवढंच होणार आहे. यावर आई स्वयंपाकघरातून पहिल्यांदा बोलली, "लग्नाचं मग बघू, तिला आधी परीक्षा देऊ दे." बाबांनी फिजिक्सच्या शिकवणीची फी विचारली. उद्या कॉलेजमधून येताना चौकशी करून येते.