कार्ड ओके आहे म्हणे!

पीसी बांधणं अवघड नाही, हे आधीच सांगून टाकतो. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १ टीबीचा एसएसडी, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय. गोव्यात, डिचोलीतल्या आमच्या हॉलमध्ये चटई पसरून एका रविवारी सगळं जोडून झालं. कसं जोडायचं त्याचे व्हिडिओ पोत्याने पडलेत, ते बघा. मला लिहायचंय ते ग्राफिक्स कार्डाच्या, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या भागाच्या वॉरंटीबद्दल, कारण तो राग अजून उतरलेला नाही.

गोष्ट २०२४च्या पावसाळ्यातली. बजेट मॉनिटर सोडून सत्तर हजार. मॉनिटर २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेल (चित्राचे ठिपके), १६५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा नवं चित्र. फुल एचडीत जेमतेम २१ लाख पिक्सेल असतात, १४४०मध्ये जवळपास ३७ लाख. म्हणजे कार्डाला पावणेदोन पट काम. म्हणून निम्मे पैसे कार्डात घातले आणि प्रोसेसरवर काटकसर केली. या रिझोल्यूशनला बहुतेक गेममध्ये आधी कार्डच कमी पडतं. ४केच्या वाटेला गेलोच नाही. तिथे ८३ लाख पिक्सेल, एवढ्या पैशातलं कार्ड धापा टाकतं. दुकानदार ८ जीबी मेमरीचं कार्ड गळ्यात मारायला बघत होता, मी १२ जीबीवर अडून बसलो. बऱ्याच नव्या गेममध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांचे बारकावे) वर नेले की १४४०ला ८ जीबी पुरत नाही. हा हट्ट बरोबर होता, आजही तेच सांगेन.

आता खरी कटकट. ६० हर्ट्झवर सगळं सुरळीत. १६५ केलं की दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा, दोन सेकंदांनी परत चित्र, पुन्हा काळा. केबल बदलली. कार्डावरची मॉनिटर जोडायची तिन्ही डिस्प्लेपोर्ट तपासली. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून नव्याने टाकला. मॉनिटर मित्राकडे म्हापशाला नेऊन त्याच्या पीसीला लावला, तिथे १६५वर रात्रभर काही झालं नाही. दोष कार्डात, यात शंका उरली नाही.

चिप कुणाचीही असो, वॉरंटी देते ती कार्ड बनवणारी कंपनी. त्या कंपनीचं गोव्यात फक्त पार्सल घेणारं केंद्र, पणजीत. दुरुस्ती मुंबईला. भर पावसात कार्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पोटाशी धरून कदंब बसने गेलो. काउंटरवरच्या मुलाने जॉब शीटवर दोन शब्द लिहिले: ‘नो डिस्प्ले’. मी म्हटलं, “अहो, डिस्प्ले येतो, १६५ला जातो.” तो म्हणाला, “सर, सिस्टीममध्ये तोच ऑप्शन आहे.”

मग वाट बघणं. रायझन ५ ५६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे कार्ड गेलं की अख्खा पीसी म्हणजे दिवे लागणारी पेटी. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, चुलतभाऊ येणार होते, त्यांना गेम दाखवायची मोठी बढाई मारून ठेवली होती. चवथ आली, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली, भाऊ आले आणि पत्ते खेळून गेले. चवथीत पणजीतलं केंद्रही बंद, फोन उचलायला कुणी नाही.

शेवटी कार्ड आलं. तेच कार्ड, तोच ओरखडा. सोबत कागद: ‘नो फॉल्ट फाउंड’. काउंटरवर विचारलं तर उत्तर एकच, “कार्ड बरें आसा, सर.” घरी लावलं, पडदा पुन्हा काळा.

मुंबईचा नंबर मिळवून इंजिनिअरला गाठलं. कोणत्या मॉनिटरवर तपासलं, एवढंच विचारत राहिलो. बराच वेळ तो ताकास तूर लागू देईना. मग म्हणाला, “सर, आमच्याकडे फुल एचडी आहे. एचडीएमआयवर, साठला.” चोर्ला घाटात गाडी तापते म्हणून तक्रार करावी आणि मेकॅनिकने ती गॅरेजच्या दारात चालू करून ‘ठीक आहे’ म्हणावं, तसला प्रकार! फुल एचडी ६०ला सेकंदाला साडेबारा कोटी पिक्सेल जातात, १४४० आणि १६५ला साठ कोटींच्या वर. जिथे कार्ड कोलमडतं तिथपर्यंत यांनी ते नेलंच नव्हतं.

तेव्हा मी फोन बंद करून सगळं लेखी सुरू केलं. एकाच शॉटमध्ये व्हिडिओ काढला: कार्डाचा सीरियल नंबर, विंडोजमधली १६५ची सेटिंग, मग काळा पडदा. तो मेलला जोडला आणि डिस्प्लेपोर्टवर, १४४०ला, १६५ हर्ट्झवर तपासल्याचं लेखी द्या, असं मागितलं. उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथे तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, तो त्याच मेलखाली चिकटवला. त्यानंतर कंपनीचा सूरच बदलला. “सर, रिप्लेसमेंट देतो.” बदली कार्ड आलं, पहिल्या रात्रीपासून १६५वर. भावांना व्हिडिओ कॉल करून दाखवलं, तेव्हा कुठे जीव थंड झाला.

वॉरंटीत कार्ड पाठवणार असाल तर ब्रॅकेट आणि पोर्टचे जवळून फोटो काढून ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत गंज चढतो, आणि गंजाचं कारण पुढे करून वॉरंटी नाकारता येते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. जॉब शीटवर दोष तुमच्या शब्दांत लिहिला नसेल तर पेन मागून स्वतः लिहा. आणि हो, नवा मॉनिटर लावल्यावर विंडोज बऱ्याचदा ६०वरच ठेवतं, १६५ हाताने निवडावं लागतं. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन रॅमचं एक्सएमपी, म्हणजे पूर्ण वेगाची सेटिंगही चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर रांगत राहते.

प्रोसेसर ठरवताना ५६००जीचाही विचार करा, त्यात स्वतःचं ग्राफिक्स असतं. गेममध्ये तो ५६००पेक्षा थोडा मागे पडतो, पण कार्ड मुंबईच्या वारीला गेलं तरी पडदा चालू राहतो. मी मात्र पुन्हा घेतला तरी ५६००च घेईन, आणि एक जुनं स्वस्त कार्ड कपाटात ठेवीन.

यूपीएसचं राहिलंच. आमच्याकडे पावसात लाईट कधीही जाते. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस ३६० वॅटपर्यंतच असतो. गेम चालू असताना मॉनिटरसकट तो अपुरा पडतो आणि लाईट गेल्याबरोबर पीसीही जातो. १००० व्हीएच्या खाली घेऊ नका.