रांजणाचा घाम

रांजणाला ऑइलपेंट मारू नये, एवढंच सांगायचं आहे. बाकीचं ओघात येईल ते येईल.

मे महिन्यातली दुपार. धुळे-चाळीसगाव रस्त्यावर निंबाच्या सावलीत नवी कोरी पाणपोई. वर बॅनर, बॅनरवर सतरा फोटो, आणि खाली दोन केशरी रांजण. रांजणांवर पांढऱ्या अक्षरांत 'सौजन्य', त्याखाली नावं, त्याखाली जोडलेले दोन हात. रंगाचेही दोन हात दिलेत, म्हणजे काम हौसेचं आहे. मोटारसायकलवरून उतरलेला माणूस डोक्याचा रुमाल सोडतो, पेला भरतो, एक घोट घेतो, नावं नीट वाचतो आणि उरलेलं पाणी निंबाच्या बुंध्याशी ओततो. चहापत्ती टाकायचीच काय ती बाकी.

माठ गार करतो तो घाम गाळून. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी पाझरून बाहेरच्या अंगाला येतं, वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना आतली ऊब घेऊन जातं. हिशेब मोठा गमतीचा आहे. 20 लिटरच्या माठातलं 1 लिटर असं उडालं, तर उरलेलं पाणी कागदावर जवळपास 30 अंशांनी उतरायला हवं. तेवढं उतरत नाही, कारण बाहेरची धग आत घुसतच असते. तरी पारा 44 वर असताना सावलीतल्या चांगल्या रांजणात पाणी 26-27 अंशांवर राहतं. आमची हवा कोरडी ठणठणीत, म्हणून हे जमतं. मुंबईच्या माठाला लोक उगाच नावं ठेवतात. तिथे हवाच घामेजलेली, माठाने आपला घाम वाळवायचा कुठे?

तर ऑइलपेंट म्हणजे रांजणाला रेनकोट. छिद्रं बुजली, घाम बंद, पाणी तापलं. नाव लिहायचंच असेल तर पत्र्याची पाटी लिहून निंबाला टांगावी. फारच हौस असेल तर गेरू आणि चुन्याने रांजणाच्या गळ्यापाशी एक बारीक नक्षी काढावी, पोट मोकळं सोडावं. माठ काळा घ्यावा की लाल, यावर घराघरांत दोन पक्ष असतात आणि दोन्ही पक्ष हट्टी असतात. काळा रंग भट्टीत धूर कोंडून भाजल्याने येतो. पाणी गार होतं छिद्रांनी, रंगाने नव्हे. पण हे सांगून आजवर कुठल्या घरातलं भांडण मिटलेलं नाही.

नवा रांजण आणला की पहिल्या दिवशी काठोकाठ भरून 24 तास तसाच ठेवायचा, ते पाणी झाडांना घालायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवसापासून मातीचा उग्र वास जाऊन हवा तेवढाच राहतो. आतून घासायचा तो नुसत्या काथ्याने, दोन-तीन दिवसांनी एकदा. साबण लावला तर माती तो पिऊन घेते आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला लिंबाच्या वासाचा फेस पाजते. बोअरचं पाणी जड असेल तर बाहेरून पांढरा खार धरतो. तो खार छिद्रांतही बसतो, म्हणून गेल्या वर्षीचा माठ यंदा तितका गार करत नाही. माठ म्हातारा झाला, असं म्हणायचं आणि त्यात तुळस लावायची.

खाली वाळूचा ढीग हवा. रांजण डुगडुगत नाही आणि वाळू ओली ठेवली की बुडालाही गारवा मिळतो. दोन घमेली पुरतात. गिरणा नदीच्या वाळूचा भाव आता असा आहे की रांजणापेक्षा वाळूवरच पहारा ठेवावा लागेल, पण ते असो. भोवती गोणपाट गुंडाळायचं ते तागाचंच. खताची प्लास्टिकची गोणी सहज मिळते म्हणून लोक तीच बांधतात. ती पाणी धरत नाही आणि वाराही अडवते. म्हणजे रेनकोटवर स्वेटर.

सगळ्यात मोठा घोळ भरण्याच्या वेळेचा. सकाळी अकराला पोरगं येतं, गच्चीवरच्या काळ्या टाकीला पाइप लावून रांजण भरून जातं. ते पाणी टाकीतच कढत झालेलं. रांजणाला गार करायला पाच-सहा तास लागतात, तोवर दुपार संपते. खरं तर रात्री दहाला भरायचं. दिवसाला 300 माणसं आणि माणशी 200 मिलिलिटरचे दोन पेले धरले, तर 120 लिटर झाले. 40 लिटरचे तीन रांजण लागतात. तिन्ही रात्रीच भरायचे आणि एक संपल्यावरच दुसऱ्याचं झाकण काढायचं. अर्ध्या रांजणात ताजं ऊन पाणी ओतायचं नाही. पाणपोया बंद पडतात त्या याच कामाने. फीत कापायला पन्नास माणसं येतात, त्यातली चार रील काढतात. रात्री दहाला पाइप धरायला कोण?

पेल्याला साखळी लावतात, तिचंही एक शास्त्र आहे. दीड हात तरी हवी. त्याहून आखूड असली की पिणाऱ्याला रांजणापुढे वाकावं लागतं, आणि उंच माणूस तर जणू आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून साक्ष देतोय असं वाटतं. त्यापेक्षा लांब दांड्याचं ओगराळं बरं. देणाऱ्याने वरून धार सोडायची, घेणाऱ्याने ओंजळ धरायची. निम्मं पाणी कोपरावरून बाहीत जातं, पण 44 अंशांत त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. शेजारी गुळाचा डबा असला तर उत्तम. उन्हातून आलेल्याला आधी खडा, मग पाणी. मग एखादे आप्पा अहिराणीत विचारणारच, "कथा जाई ऱ्हायनात?" म्हणजे कुठे निघालात? पाण्याची किंमत म्हणून एवढं उत्तर द्यावं.

सिनेमात तहान फक्त वाळवंटात हरवलेल्याला लागते. मालिकेत पाणी आणतात ते कुणाला धक्का बसल्यावर, आणि ते पेला हातातून पडावा म्हणून. स्टँडवर एसटीतून उतरून माणूस नुसता पाणी पितो, घसा हलतो, डोळे मिटतात, हे दाखवायला कुणाला सवड नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरोघरी घागर भरतात. लाल मातीची घागर, तोंडावर डांगर म्हणजे खरबूज, जोडीला आंबे. गेलेल्या माणसांच्या नावाने भरलेलं पाणी. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर, पुरुष पत्त्यांत, आणि घागर कोपऱ्यात गपचूप पाझरत बसलेली. तिच्यावर कुणी नाव लिहीत नाही. घरच्यांना ठाऊक असतं कोणासाठी आहे.

आता चौकाचौकात थंड पाण्याचे जार आले आहेत. भरायची कटकट नाही, वाळू नको, गोणपाट नको. पाणी एवढं गार की दात शिवशिवतात आणि संध्याकाळी घसा बसतो. चालायचंच. पण उन्हातून धावत आलेलं पोर जाराला गाल लावत नाही. रांजण दिसला की पाणी प्यायच्या आधी ते त्याच्या ओल्या पोटाला गाल टेकवतं, मग दुसरा गाल, मग कपाळ. त्याची आई ओरडते, "अरे, पाणी पी ना!" पोर हलत नाही. केशरी रांजणाला असं कुणी बिलगलेलं दिसलं नाही. चटका बसत असेल.

जूनच्या पहिल्या पावसात बॅनर फाटतो, रांजण कुणीतरी पालथे घालतं, वाळू वाहून जाते. पेला त्याआधीच गेलेला असतो. निंबाला साखळी तेवढी लोंबत राहते, रिकामी.