बाबांच्या पाण्याचा हिशेब

भाताची लावणी आटोपली आणि बाबांना ताप भरला. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले, पावसात चिखलात राबणं आमच्याकडे कुणाला नवं नाही. पोटऱ्या असह्य दुखू लागल्या म्हणून त्यांनी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या. मग डोळे लाल झाले, लघवी जवळजवळ थांबली. वाळपईहून त्यांना बांबोळीला, गोमेकॉत म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं. निदान झालं: लेप्टो, म्हणजे उंदरांच्या वगैरे लघवीनं दूषित पाण्या-चिखलातून, बहुधा जखमेवाटे, अंगात शिरणारा आजार, आणि त्यामुळे मूत्रपिंडांना अचानक झालेली इजा. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ, ५.८; निरोगी माणसाचं साधारण १.३ च्या आत असतं. तापानं अंगातलं पाणी आटलेलं असताना दुखण्याच्या या गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात, हे तिथं कळलं.

इंजेक्शनं, डायलिसिस हे डॉक्टरांकडे. माझ्याकडे आली ती मोजणी. "ताई, पोटात गेलेला प्रत्येक घोट लिहा. चहा, पेज, औषधाबरोबरचं पाणी, सगळं," सिस्टर म्हणाल्या. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं आणि वर साधारण अर्धा लिटर, एवढीच दिवसाची मुभा. तहानेनं बाबा कासावीस व्हायचे. मी ओल्या कापसानं ओठ पुसायची, तोंडात बर्फाचा लहानसा खडा ठेवायची आणि तोही लिहायची. नळीतून येणारी लघवी सिस्टर तासातासाला मोजत. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान तीस मिली तरी व्हायला हवी. बाबांची त्याच्या निम्मीही होत नव्हती.

वजन रोज सकाळी, त्याच काट्यावर. एका सकाळी ते दीड किलोनं वाढलेलं दिसलं. जेवण तर जात नव्हतं, म्हणजे वाढलं ते पाणी. सिस्टरांनी लगेच उशाकडची बाजू उचलली, श्वास मोजला, ऑक्सिजन पाहिला, डॉक्टरांना बोलावलं. त्याच दिवशी डायलिसिस झालं. काट्यावरच्या त्या आकड्याकडे कुणी काणाडोळा केला असता, तर पाणी फुप्फुसात भरायला वेळ लागला नसता.

गावची माणसं मायेनं शहाळी घेऊन यायची. सिस्टरांनी ती हात जोडून परत पाठवली. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंडं ते बाहेर टाकेनाशी झाली की रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोकेच बिघडवतं. आजाऱ्याला शहाळं देणं हा आपल्याकडचा जुना रिवाज, म्हणून हे मी भेटेल त्याला सांगते.

पुढे लघवी सुटली ती दिवसाला चार लिटरपर्यंत. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, पण सिस्टर उलट जास्त सावध झाल्या. आता पाणी आणि क्षार भराभर निघून जाण्याचा धोका, म्हणून रक्तदाब पुन्हा पुन्हा, रक्ताची तपासणी रोज, आणि प्यायचं मात्र मोजून भरपूर.

घरी सोडताना क्रिएटिनिन १.६ होतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचंय. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, जखम उघडी ठेवून शेतात उतरायचं नाही, आणि पुढच्या लावणीआधी डॉक्सिसायक्लिन या लेप्टो टाळण्यासाठीच्या औषधाबद्दल आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारायचं, हे बाबांनी कबूल केलंय. गमबूट मी आणून ठेवलेत.