सर्दीची गोळी आणि लोंढा

आषाढातला पाऊस, नाक गळतंय आणि खानापूरला बारशाला जायचं. निघताना शहापूरच्या काकूंनी डब्यातली सर्दीची गोळी हातावर ठेवली. पिवळी, जुन्या वाणाची. बेळगावला पॅसेंजरमध्ये खिडकी मिळाली. देसूरपर्यंतची भातशेतं आठवतात. पुढचं काही नाही.

कुणीतरी खांदा हलवला. "काका, खानापूर मगाशीच गेलं की! गुंजी बी गेलं. लोंढा आलं बघा."

मांडीवरचा कुंद्याचा डबा तेवढा शाबूत होता.

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून त्या गोळीचाच विचार करत बसलो. ती झोप आणते असं आपण म्हणतो. खरं तर ती जाग काढून घेते. नाकात सूज आणि पाणी आणणारं जे हिस्टामिन, तेच मेंदूत आपल्याला जागं ठेवायचं काम करतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, त्याच्या मागच्या बाजूला पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. तिथून ते मेंदूभर जातं. जुन्या गोळ्या मेंदूत शिरतात आणि नाकाबरोबर तिथलंही हिस्टामिन अडवतात. नव्या गोळ्या फारशा आत शिरत नाहीत. काकूंचा विश्वास मात्र जुन्यांवर.

या जागेचा सुगावा हिस्टामिनचं हे काम कळण्याच्या कितीतरी आधी लागला होता. 1917 च्या सुमारास व्हिएन्नात मेंदूज्वराची विचित्र साथ आली. काही रोगी झोपेतून उठेनात, तर काहींचा डोळाच लागेना. फॉन इकोनोमो या डॉक्टरांनी मेलेल्यांचे मेंदू तपासले. झोपाळूंची इजा हायपोथॅलॅमसच्या मागच्या बाजूला, जागणाऱ्यांची पुढच्या. म्हणजे झोपवणारा वेगळा आणि उठवणारा वेगळा! माझा उठवणाराच देसूरला उतरला होता.

फलाटावर चहा घेतला, मग आणखी एक. दिवसभर जागताना मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं आणि त्यानं डोळे जड होतात. चहातलं कॅफिन त्याच्या जागेवर आधीच जाऊन बसतं, रुमाल टाकून सीट धरावी तसं. पण ॲडिनोसिन हटत नाही, उभ्यानं प्रवास करतं. कॅफिन उतरलं की लगेच टेकतं.

परतीच्या गाडीत जागा होती, तरी मी दांडी धरून उभाच राहिलो. पोचलो तेव्हा पाळणा म्हणून झालेला, पानं उठलेली. नाव काय ठेवलं म्हणून विचारलं, तर तीन बायकांनी तीन नावं सांगितली. बाळ गाढ झोपलेलं. त्याला कुणी गोळी दिली नव्हती.