क्यूबेकचा हिवाळा, चार चाकांची ओढ आणि टायरचा कायदा

1 डिसेंबर ते 15 मार्च. या काळात क्यूबेकमध्ये नोंदलेल्या प्रत्येक मोटारीला हिवाळी टायर हवेतच. नसतील तर 200 ते 300 डॉलर दंड. ‘माझी गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे’, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी आहे, ही सबब चालत नाही. कॅनडात अशी सरसकट सक्ती फक्त याच प्रांतात आहे. ब्रिटिश कोलंबियात ती ठरावीक महामार्गांपुरती आहे. ऑन्टारिओत विमा कंपन्यांनी हिवाळी टायरवाल्यांना सवलत द्यायची असा नियम 2016 पासून आहे, सक्ती नाही. क्यूबेकमध्ये हा कायदा 2008 सालापासूनच लागू आहे. तेव्हा तारीख 15 डिसेंबर होती, पण बर्फ कुठे 15 तारखेची वाट बघतो? म्हणून 2019 पासून ती 1 डिसेंबर झाली. आधी टायरवर नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असलं तरी भागायचं, ते 2014च्या डिसेंबरपासून बंद केलं. आता टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह पाहिजे, नाहीतर टायरला पकडीसाठी बसवलेले धातूचे खिळे पाहिजेत.

मला या कायद्याचं फार कौतुक आहे, आणि दर वर्षी ते वाढतच चाललंय. नोव्हेंबर लागला की टायरवाल्याचा फोन लागत नाही. म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, गोठेवाले, सगळे नंबर लावून बसलेले. उन्हाळी टायर काढून दुकानातच ठेवायला द्यायचे, एप्रिलमध्ये परत बसवायचे. कुणी कुरकुर करत नाही. टायर आणि वेगळ्या रिम मिळून माझे हजार डॉलरच्या वर गेले, तेही आनंदाने गेले. रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या गाडीलाही तेच टायर आहेत, हा भरवसा मला या देशाने दिला आणि त्याची किंमत मला पैशात सांगता येणार नाही.

मी शेरब्रुकजवळ राहते. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि इथे दुभत्या गाईंच्या आहाराचा सल्ला देण्याचं काम करते. कोआटिकूक, कॉम्प्टन हा सगळा पट्टा गोठ्यांचा. 147 नंबरचा रस्ता सोडला की आतले रस्ते चढउताराचे, त्यातले कित्येक खडीचे. सकाळच्या धारेच्या वेळी पोचायचं म्हटलं की बर्फ काढणारी गाडी अजून तिकडे फिरकलेली नसते. म्हणून मी सुबारू क्रॉसट्रेक घेतली.

तेव्हा वडील, आमचे अण्णा, फोनवर म्हणाले, “एवढ्या महागाची गाडी कशाला घेऊ लालीस? तिकडं बस नाहीत का?” त्याच वर्षी आपल्या शेतात नवा बोअर पाडायचं चाललं होतं. बोअरचे पैसे मी वेळेवर पाठवले होते. तरी भावकीत कुणीतरी बोललंच, की पोरगी तिकडे मोठी गाडी उडवते. ते लागलं मला. इथल्या पगारावर लोक याहून मोठ्या गाड्या घेतात. मी घेतली ती कॉम्पॅक्ट एसयूव्ही, आणि ज्या गोठ्यांवर मी जाते तिथे कुठलीच बस जात नाही. माझी रोजी या गाडीवर आहे. पाटीलकी मिरवायला मी ती घेतलेली नाही, हे इथे एकदा लिहून ठेवते.

आणि गाडी खरंच कौतुकाची आहे. रात्रीतून वीतभर बर्फ पडलेला असतो, सकाळी शेजारचा माणूस फावड्याने चाकांपुढचा बर्फ काढत असतो, आणि ही गाडी जागेवरून शांतपणे निघते. जमिनीपासून उंची 22 सेंटीमीटर, त्यामुळे एवढा बर्फ सहसा पोटाला लागत नाही. इंजिनाची ताकद कायम चारही चाकांना जात असते. टोयोटा-होंडाच्या बऱ्याच छोट्या एसयूव्ही मुळात पुढच्या चाकांवर चालतात आणि घसरायला लागलं की मागच्या चाकांना ताकद देतात. त्याही चांगल्याच आहेत, पण चढावर अर्ध्यात थांबून परत निघायची वेळ आली की मला माझीच बरी वाटते. अगदी उभ्या चढासाठी ‘एक्स-मोड’ नावाचं बटण आहे. ते कमी वेगातच काम करतं. जे चाक नुसतंच फिरतंय त्याला गाडी आपोआप ब्रेक लावते, म्हणजे पकड असलेल्या चाकाकडे ताकद वळते. उतारावर वेगही तीच धरून ठेवते.

अण्णांना हे मी ट्रॅक्टरवरून समजावलं. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर फसला की एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही. डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबलं की दोन्ही चाकं बरोबरीने फिरतात आणि ट्रॅक्टर चिखलातून निघतो. माझ्या गाडीत लॉक नाही, ब्रेकवरून ते काम होतं, पण परिणाम त्याच जातीचा. अण्णांना एका वाक्यात कळलं, आणि लगेच त्यांनी विचारलं, “आन् उताराला थांबती का?”

शाळा सातवीपर्यंत झालेला माणूस. बर्फ आयुष्यात पाहिलेला नाही. पण गाडी घेताना जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा तो त्यांनी विचारला, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की तो फोन मी लवकर ठेवलाच नाही.

तर, थांबते का? इतर गाड्यांपेक्षा लवकर नाही थांबत. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतात. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलायला मदत करतं. थांबताना टायर आणि रस्ता यांच्यामध्ये जी काही पकड असेल तेवढीच कामाची. कोरड्या डांबरावर जिथे गाडी थांबते, त्याच्या तीन-चार पट अंतर दाबून घट्ट झालेल्या बर्फावर लागतं, आणि नितळ बर्फावर त्याहून जास्त. ताशी 80 किलोमीटरला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. वेग दुप्पट केला की थांबायला चौपट अंतर लागतं. हे गणित गाडी कितीही महाग असली तरी बदलत नाही.

वळणावर थोडा फरक पडतो, पण तोही जपून ॲक्सिलरेटर देणाऱ्याला. वेगात वळणात शिरल्यावर गाडी सरळच जाणार.

यातला खरा धोका मला इथले जुने शेतकरी समजावून सांगतात, आणि मला तो पटलाय. पुढच्या दोन चाकांवर चालणारी गाडी बर्फात निघतानाच चाक फिरवते, घसरते, कुरकुरते. रस्ता कसा आहे ते चालकाला दारातच कळतं. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी काहीच न सांगता निघते. चालकाला वाटतं रस्ता बरा आहे. रस्ता तेवढाच निसरडा असतो, फक्त ते त्याला पहिल्या ‘थांबा’ लिहिलेल्या पाटीशी कळतं, जिथे कळून उपयोग नसतो. वादळानंतरच्या सकाळी रस्त्याकडेच्या नालीत तोंड घालून पडलेल्या गाड्या बघते, तेव्हा त्यांत एसयूव्ही चांगल्या संख्येने असतात. म्हणून घरापासून निघाले की मागे कुणी नाही हे आरशात बघून मी एकदा हळूच ब्रेक दाबून पाहते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थडथडलं की त्या दिवशीचा वेग ठरला. उतार दिसला की आधीच खालचा गिअर.

आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की उणे 25 म्हणजे सगळ्यात वाईट दिवस. उलट आहे. कडक थंडीत बर्फ कोरडा असतो, बुटाखाली करकरतो आणि टायरलाही बऱ्यापैकी धरतो. वाईट असतो तो शून्याच्या आसपासचा दिवस. बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो, आणि त्यावर काहीच टिकत नाही. रस्त्यावरचं मीठही साधारण उणे 10च्या खाली नीट काम करत नाही, मग खडी-वाळू टाकतात. (त्या मिठाने गाडीचा पत्रा खालून सडतो, म्हणून दर शरदात गाडीच्या पोटाला तेल फवारून घ्यावं लागतं. तो खर्च वेगळाच.)

आणि पाऊस पडता पडता गोठतो तो दिवस तर सगळ्यांत वाईट. 1998च्या जानेवारीत असा पाऊस काही दिवस पडला, विजेचे मनोरे कोसळले, लाखो घरं अंधारात गेली. इथली माणसं अजून त्याबद्दल बोलतात. अशा दिवशी गोठेवाला स्वतः सकाळी फोन करतो, आज येऊ नकोस, गाई एक दिवस थांबतील. त्याच्या दुधाचं नुकसान होऊ शकतं हे त्यालाही माहीत असतं. ‘रजा टाका’ असं कुणी म्हणत नाही, पगार कापत नाही. मला पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा काय बोलावं ते सुचलं नव्हतं.

टायरचं थोडं अजून. 7 अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. कायद्याने 1.6 मिलिमीटर नक्षी उरली तरी चालते, पण हिवाळ्याच्या सुरुवातीला किमान 4.8 मिलिमीटर असावी असं इथे सांगतात. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो, म्हणून पहिल्या कडक थंडीत प्रत्येकाच्या डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागतो. ऑल-व्हील ड्राइव्हवाल्यांना एक जास्तीचं ओझं: चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले लागतात, नाहीतर पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. एक टायर फाटला तर कधीकधी चारही घ्यावे लागतात.

इथली एक सहकारी मध्यंतरी म्हणाली, तुमच्याकडे रस्त्याला नियमच नसतात ना? मला राग आला. मी तिला सांगितलं, आमच्या लातूर-नांदेड भागात मृगाच्या पहिल्या पावसात, तेलकट रस्त्यावर, गोटा झालेल्या टायरवर भरलेला टेम्पो सुखरूप आणणारे चालक आहेत. काळ्या चिखलातून जीप काढणारी सोळा वर्षांची पोरं आहेत. तुमच्यापैकी कुणाला जमेल? तिने मान डोलावली. मी बोलले ते खोटं नव्हतं आणि मी ते परतही घेणार नाही. पण हेही माहीत आहे की कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री मागे दिवा नसताना जातात, आणि त्यांवर आदळून आमच्या ओळखीतली माणसं गेली आहेत. तिथे कसब कामाला आलं नाही. ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर लावायला हजार डॉलर लागत नाहीत.

कधीकधी पहाटे मोठमोठी यंत्रं रस्त्यावरचा बर्फ उचलून ट्रक भरताना बघते आणि वेगळंच काहीतरी होतं. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा आमच्या नात्यातली माणसं स्टँडजवळच्या टाकीवर घागरी घेऊन उभी होती. इथे पाणी ट्रकमध्ये भरतात ते टाकून द्यायला. ते बघून मला घरी फोन करावासा वाटतो, आणि तिकडे तेव्हा दुपार असते.

हे सगळं आज लिहायचं कारण दादा. चुलत भावाने ग्रँड विटारा घेतली, ऑलग्रिपवाली (म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह, एडब्ल्यूडी), आणि डिसेंबरात वहिनी-पोरांना घेऊन उदगीरहून थेट मनाली, तिथून अटल बोगदा असा बेत आहे. “एडब्ल्यूडी आहे, काय होतंय?” असं त्याने ग्रुपवर लिहिलं आणि खाली बर्फात चढणाऱ्या गाडीचा व्हिडिओ टाकला.

दादा, गाडी चांगली घेतलीस, मनापासून सांगते. पण त्या व्हिडिओत गाडी चढताना दिसते, उतरताना नाही. तुझ्या गाडीला कंपनीतून आलेले टायर परभणीच्या थंडीलाही पुरतात, कारण तिथे पारा पाच-सहावर गेला की बातमी होते आणि दुपारी परत ऊन पडतं. मनालीपुढच्या सोलंगच्या वर ते रबर कडक होणार. 2024च्या डिसेंबरात सोलंग ते अटल बोगदा या रस्त्यावर शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या, पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढलं. बर्फ पडायला लागला की तिथे फोर बाय फोर किंवा चाकांना चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात, आणि फोर बाय फोर आहे म्हणून सोडलं तरी परत खाली यायचंच असतं.

मनालीपर्यंत खुशाल घेऊन जा. तिथे हॉटेलपाशी गाडी उभी कर आणि पुढे तिथल्याच चालकाची गाडी कर. चेन कधी लावायची, कुठल्या वळणावर थांबायचं, हे त्याला रोजचं आहे. पैसे जातील, ते जाऊ दे, कमी पडले तर मला सांग. आणि स्वतःच चालवायची असेल तर आधी टायरच्या कडेचा फोटो काढून पाठव, डोंगराचं चिन्ह आहे की नाही ते दिसेल असा. वहिनींनाही मी हेच कळवलंय.